जाळीवरचा हापूस

गच्चीवर मेहुण्याने सुरमई भाजली आणि जाळी नुसती कागदाने पुसून तिच्यावरच केकचे तुकडे नि हापूसच्या फोडी मांडल्या. रस निखाऱ्यांवर चरचरला. माशाच्या वासाचा गोड धूर नाकात शिरला.

आंबे आईने गावाहून पाठवलेले. पेंढ्याच्या अढीत रोज एकेक हुंगून, हलक्या हाताने परतून पिकवलेले. त्या उबेत सावकाश पिकलेल्या फळाला आणखी कसली आग हवी? आपल्याला आयतं मिळालेलं गोड सोसतच नाही की काय!

"घ्या भावजी, गरमागरम!" मेहुणा म्हणाला. मी हापूसची एक फोड उचलून खाल्ली.

तेवढ्यात आईचा फोन आला. "गोड निघाले ना रे आंबे?"

"खूप गोड," मी म्हणालो. जिभेवर सुरमई होती.