कुठल्या दाताला कुठलं मशीन

गुहागरच्या बाजारपेठेत औषधाच्या दुकानाच्या वरती डॉक्टर रुचिरा पालशेतकर हिचा दातांचा दवाखाना आहे. तिथे मदतीला असलेल्या कमळाचं ठाम मत असं, की ही पोर साडी घ्यायला गेली तर दुकानात शिरते न शिरते तोच बाहेर पडते, पण हातात मशीन कुठलं घ्यायचं ह्याच्यावर मात्र लग्न ठरवल्यासारखा विचार करते. कमळा हे तक्रारीच्या सुरात सांगते, पण बाईला तिचा केवढा अभिमान आहे ते ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

कमळाने उभा जन्म मासळीबाजारात काढला. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा तिने टोपली खाली ठेवली आणि शेजारच्या, होडीवर तांडेल म्हणजे कप्तान असलेल्या बाळा पालशेतकराच्या ह्या मुलीकडे कामाला आली. पहिल्याच दिवशी ट्रेमधली ती जाड पेनासारखी चकचकीत हत्यारं बघून तिने विचारलं, "एवढी सगळी कशाला गो? एकात भागत नाय?"

त्यांना हँडपीस म्हणतात, रुचिराने सांगितलं. एक एअरोटर, एक कॉन्ट्रा अँगल, एक स्ट्रेट. ही नावं काही कमळाच्या जिभेला पेलेनात, तेव्हा तिने आपणच बारशी उरकून टाकली. हवेच्या दाबावर भन्नाट फिरणारं आणि सुंईऽऽ करत कानात शिरणारं एअरोटर झालं शिट्टी. विजेच्या मोटरवर हळू फिरणाऱ्या दोघांपैकी मान वाकवलेला तो वाकड्या आणि ताठ नळीसारखा तो सरळ्या. आता रुचिराही "काकी, वाकड्या द्या" असंच म्हणते आणि नवखा पेशंट खुर्चीत सावरून बसतो.

"आणि काकी," रुचिरा त्या दिवशी पुढे म्हणाली होती, "तुम्ही इतकी वर्षं म्हावरं विकलंत. बांगड्याच्या जाळ्यात कोळंबी धरता येते?" कमळाने ट्रेमधली तिन्ही हत्यारं पुन्हा एकेक करून निरखली.

मग ती बघत गेली. लोट्याच्या कंपनीतला रूपेश सुट्टीत घरी आला की दातांची कामं उरकून घेतो. त्याच्या दाताला कॅप बसवायची होती तेव्हा रुचिराने शिट्टी घेतली, पाण्याची बारीक धार सोडली आणि टणक दात खडूसारखा उतरवून काढला. तोच रूपेश दुसऱ्या खेपेला खोल किडलेली दाढ घेऊन आला. तेव्हा वरचं कवच शिट्टीने उघडलं, पण कीड नसेजवळ पोचलेली दिसताच तिने शिट्टी खाली ठेवली आणि वाकड्या मागितला. शिट्टी इतकी जोरात धावते, की मऊ कीड कुठे संपली आणि चांगला दात कुठे सुरू झाला ते हाताला कळतच नाही, असं तिचं म्हणणं. वाकड्या हळू खरवडतो, त्यामुळे बोटांना कळतं. लहान मुलांना ती आधी वाकड्याच नखावर फिरवून दाखवते, कारण शिट्टीच्या आवाजाने पोरं दार गाठतात. कवळी कुठे टोचत असेल तर तेवढीच जागा सरळ्याने घासायची. आणि अक्कलदाढ हाडात रुतून बसली असेल तर तिथेही सरळ्याच. असा हा तिचा संसार, आणि त्यात ती कुणाची लुडबुड चालवून घेत नाही.

एवढं असूनही एक सल होता. गुहागरचे बागायतदार, शाळामास्तर, बँकेतली माणसं रुचिराकडे येत. तिची स्वतःची खारवीवाडी तेवढी येत नसे. आपल्या आईच्या, जनीच्या टोपलीमागून नाक पुसत फिरणारी पोर आता आपल्या तोंडात सुया घालणार, हे वाडीच्या गळी काही उतरेना. लग्नाकार्यात तिला पहिल्या पंगतीचा मान मिळे, पण दात दुखला की माणसं एसटी धरून चिपळूण गाठत. रुचिरा हसण्यावारी नेई. एकदा मात्र खिडकीतून खाली बघताना तिला वाडीतली एक बाई दिसली, गालाला फडकं बांधून स्टँडकडे निघालेली. ती गेली त्या रस्त्याकडे रुचिरा बघत राहिली. "काकी, मुंबईची चांगली नोकरी सोडून मी आले कुणासाठी?" असं तिने मागे न वळता विचारलं. कमळाला तेव्हा अख्ख्या वाडीचा राग आला होता.

आणि मग श्रावणात खुद्द शिवा तांडेल जिना चढून आला.

शिवा म्हणजे वाडीचा कान. खाडीत शिरणाऱ्या होडीचा नुसता आवाज ऐकून तिच्या इंजिनाला काय झालंय ते हा किनाऱ्यावरून सांगतो, आणि शिवाने चांगलं म्हटलं की वाडी डोळे मिटून चांगलं म्हणते. गेल्या हंगामात अक्कलदाढ सुजून त्याला भर समुद्रातून होडी परत फिरवावी लागली होती. आता नारळी पौर्णिमा आठवड्यावर आली होती आणि चिपळूणच्या खेपा घालायला त्याला सवड नव्हती. गोळ्यांनी सूज उतरली होती. एक्स-रेत दाढ हाडाखाली आडवी झोपलेली दिसली. रुचिराने दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ दिली आणि तो गेल्यावर एकच वाक्य बोलली. "काकी, हे नीट झालं तर वाडी येईल. बिघडलं तर कुणीच येणार नाही."

म्हणूनच त्या संध्याकाळी कमळाने जास्तच मन लावून तयारी केली. हँडपीसमध्ये मारायचा तेलाचा स्प्रे संपला होता, नवा अजून रत्नागिरीहून यायचा होता. कमळा काही अडून बसणारी बाई नव्हे. घरच्या माडाच्या खोबऱ्याचं, घाण्यावरून आणलेलं शुद्ध तेल तिच्याकडे होतं. न्हाणीतल्या बाळापासून शिवणयंत्रापर्यंत तिच्या घरात सगळं ह्याच तेलावर चालतं. तिने सरळ्याला चार थेंब जास्तच पाजले, पुसला आणि ऑटोक्लेव्हच्या वाफेत निर्जंतुक करायला ठेवला. रुचिराला सांगायचं तिच्या मनातही आलं नाही, जसं भातात मीठ घातलं हे कुणी सांगत नाही.

सकाळी शिवा आला तो वाडीतली माणसं घेऊनच. बाकडं भरलं, उरलेली दारात उभी राहिली. शिवाच्या आधी शाळेतली सानिका होती, तिच्या दातावर शिट्टी चालली तेव्हा शिवाने बाहेरून कान टवकारून निकालही दिला. "फर्स्टक्लास इंजिन हाय!"

त्याला खुर्चीत घेतलं. घामाने निथळत होता म्हणून एसी वाढवला. दाढ बधिर झाली, हिरडी कापून बाजूला सारली, खालचं हाड दिसायला लागलं. रुचिराने सरळ्या हातात घेतला आणि पायाने मोटर दाबली. सरळ्या कण्हला, थोडा फिरला, अडकला, पुन्हा फिरला. रुचिराने तो झटकन बाहेर काढला आणि त्याचं अंग मनगटाला लावून बघितलं. चटका बसण्याइतका तापला होता.

आणि खोलीत खोबरेलाचा वास पसरला.

थंडीत खोबरेल थिजतं हे कोकणात कुणाला सांगावं लागत नाही. पण एसीची थंडी श्रावणातही पडते हे कमळाच्या डोक्यात आलं नव्हतं, आणि वाफेत भाजून ते तेल आधीच चिकट होऊन बसलं होतं.

"काकी, कुठलं तेल?" रुचिराने हळूच विचारलं.

"घरचं," कमळा म्हणाली.

रुचिराने सरळ्या बाजूला ठेवून दिला. शिवाला कळलंच होतं. "इंजिन बसलं काय गो?" तो जड जिभेने म्हणाला आणि हात लांबवून शिट्टीकडे बोट दाखवलं. "ता लाव."

दारातून लगेच दुजोरा आला. "व्हय, ताच लाव! ताच चांगला हाय!"

शिट्टी हाताशी होती, पाच मिनिटांत काम झालं असतं आणि वाडीसमोर नाक राहिलं असतं. कमळाही मनात म्हणाली, घे बाय, घे आणि सुटका कर. रुचिराने शिट्टीकडे बघितलं. चांगलं दोन श्वास बघितलं. मग तिने शिट्टीची नळी हुकावरून काढली आणि मागे टाकून दिली.

"शिवाकाका, ते हवेवर चालतं आणि त्याच्या तोंडातून हवा सुटते. हिरडी बंद असेल तर काही नाही. आता तुमची हिरडी उघडी आहे. ती हवा कातडीखाली शिरली तर गाल, मान फुगत जाईल, छातीपर्यंतसुद्धा उतरेल. केंड मासा कसा फुगतो, तसा तुमचा चेहरा होईल आणि थेट मोठ्या हॉस्पिटलात न्यावं लागेल. वाकड्याने वेळ लागेल. लागू दे."

वाकड्यात आठवडाभरापूर्वीचं, स्प्रेचं तेल होतं आणि तो निर्जंतुक करून ठेवलेला होता. रुचिराने तो मोटरला लावला आणि हाड तसूतसूने उतरवायला घेतलं. कमळा सिरिंजने सलाईनची धार धरून होती, ती तिने एकदाही सोडली नाही. इतक्या आतल्या कामाला वाकड्या तोकडा पडत होता. रुचिरा थांबे, शिवाचा जबडा सैल सोडायला लावी, पुन्हा सुरू करी. बाकड्यावर कुजबुज वाढली. "येत नाय वाटतं हिला," कुणीतरी म्हणालं, "चिपळूणलाच जायाला हवं होतं." बाकडं उबवून कंटाळलेली माणसं एकेक करून जिना उतरू लागली. ते शब्द रुचिरालाही ऐकू गेले, कारण तिचे कान लाल झाले. हात मात्र होता त्याच चालीने चालत राहिला. कमळाने आयुष्यात भांडकुदळ बायका, खवळलेला समुद्र, सगळं बघितलं होतं. पण माणसाने इतक्या शांतपणे आपली अब्रू पणाला लावलेली तिने बघितली नव्हती.

शेवटी दाढेचे दोन तुकडे झाले, ते एकेक करून बाहेर आले आणि टाके पडले. शिवा तोंडात बोळा चावत घरी गेला.

मग दार लावून रुचिरा कमळाला बोलली, आणि चांगलंच बोलली. "काकी, आज त्यांचा गाल भाजला असता. इथे मनाने काही करायचं नाही, मला विचारायचं." कमळा पदर तोंडाला लावून ऐकत राहिली. रागाचा भर ओसरल्यावर रुचिराच म्हणाली, "स्प्रे नाही हे मला माहीत होतं. मी विचारायला हवं होतं, नाहीतर काम पुढे ढकलायला हवं होतं. हे तुमचं एकटीचं नाही."

वाडीत व्हायचं ते झालंच. डॉक्टरणीचं मशीन मधेच बंद पडलं, पोरीला दुपार झाली, ही बातमी सांजच्या आत घरोघर पोचली. सार्वजनिक नळावर एकीने कमळासमोरच विषय काढला, तेव्हा कमळाने कळशी आपटली. "मशीन माझ्यापायी बसलं! मी त्यात खोबरेल ओतलं! ती होती म्हणून शिवा वाचला, समजलं?" बायका पोट धरधरून हसल्या. हसू देत, कमळा म्हणाली, पण खरं काय ते ऐका.

रुचिरा रोज सकाळी शिवाच्या घरी जाऊन टाके बघून येई. तो पेज पीत बसलेला असे आणि हूं की चूं करत नसे. सूज थोडी आली आणि गेली. टाके निघाले. पौर्णिमेला नारळ सोडला, होड्या निघाल्या, शिवाही गेला. त्याचं मत काय झालं ते वाडीला कळलं नाही, आणि त्याच्या मताविना वाडीतलं कुणी दवाखान्याचा जिना चढेना. रुचिरा दवाखान्यात नेहमीसारखी काम करी, पण जेवणाचा डबा अर्धा तसाच परत जाई. कमळाचा जीव तुटत होता.

पहिल्या दोन-तीन फेऱ्या मारून आल्यावर एका सकाळी शिवा आला. सोबत त्याची म्हातारी आई, चिमा. दाताचा तुकडा उडून उरलेली धार जिभेला कापत होती, जीभ सोलवटून निघाली होती. तरी म्हातारीने आजवर कुणालाही तोंडात बोट घालू दिलं नव्हतं. वाडीतली माणसं मागोमाग आलीच होती, आता काय होतं ते बघायला.

शिवाने आईला खुर्चीत बसवलं आणि दारातल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बाय, हिला त्या धीम्यानेच घे. माझ्या दाढंला तासभर लागला, पण पयल्याच फेरीत मी भर दर्यात भाकर चावून खाल्ली. हिला शिट्टी नको."

चिमाने ओठ घट्ट मिटले होते. रुचिराने आरसा धरला, ओठ जेमतेम उचलून धार बघितली, बोटाने चाचपली. ट्रेपुढे नेहमीसारखी उभी राहिली. वाकड्यावरून तिचा हात पुढे गेला आणि तिने शिट्टी उचलली.

दारातली माणसं शिवाकडे बघायला लागली. वाकड्या ह्या टणक धारेवर खडखडला असता आणि म्हातारी घाबरून उठली असती. शिट्टी नुसती टेकवली की काम होणार होतं. पण हे रुचिराने अजून कुणाला सांगितलं नव्हतं. शिवाने बोलायला तोंड उघडलं. शिट्टीकडे बघितलं, मग रुचिराच्या हाताकडे बघितलं, आणि तोंड मिटलं. स्टूल ओढून तो आईशेजारी बसला आणि तिचा हात हातात घेतला.

"आये, तोंड उघड," तो म्हणाला. "तिने घेतलंय म्हंजे ताच बरोबर."

चिमाने तोंड उघडलं.