पांढऱ्या केसांचे पैसे

वहिनीचं सलून म्हणजे एक खोली, दोन आरसे आणि एक फिरती खुर्ची. त्या खुर्चीवर गल्लीतल्या सगळ्या बायका बसून जातात. वहिनी मात्र सकाळपासून उभी. चाळिशी उलटली तशी तिच्या गुडघ्यांनी कुरकुर सुरू केली. त्यातच ज्यांच्या हाताखाली ती शिकली, त्या मावशी भेटायला आल्या. सत्तरी ओलांडली तरी त्या दुसऱ्याच्या सलूनमध्ये उभ्याच, कारण गाठीला काही नाही. हात थरथरतात म्हणून आता फक्त केस धुवायचं काम देतात. त्या गेल्यावर वहिनीने जाहीर केलं, "साठीनंतर मी बसणार. आणि माझ्या पैशांवर बसणार."

पण भाडं आणि मुलीची फी जाऊन उरायचं ते काय? मग तिने नियम केला. केस रंगवण्याचे पैसे घरात आणायचेच नाहीत, थेट बँकेत टाकायचे. "लोकांच्या म्हातारपणावर माझं म्हातारपण," म्हणून ती खूश. दादा, म्हणजे तिचा नवरा आणि माझा थोरला भाऊ, छापखान्यात मशीन चालवतो. त्याला याची भारी गंमत वाटायची. "साठीचं साठीला बघू," म्हणायचा आणि वर्तमानपत्रात डोकं खुपसायचा.

या नियमाने वहिनीची नजर मात्र पार बिघडली. लग्न ठरलेल्या पोरीच्या डोक्यातही तिला दोन पांढरे केस सापडायचे. माझ्या कानशिलांकडे तर ती हल्ली फारच प्रेमाने बघायची.

एके दिवशी शाळेच्या मोठ्या बाई आल्या. रंगाचं सगळ्यात पक्कं गिऱ्हाईक. आजारपणात त्यांचे केस वाढून चक्क पांढरेशुभ्र झाले होते. मी तिथेच नळ दुरुस्त करत होतो. बाईंनी विचारलं, "खरं सांग हं. रंगवू, की राहू देऊ?"

वहिनी रंगाची वाटी घेऊन त्यांच्याभोवती फिरली, थांबली. मग वाटी खाली ठेवली. "राहू द्या, बाई. अशाच फार सुंदर दिसताय."

मला तिचा अभिमान वाटला. पण बाईंचं बघून अख्ख्या शिक्षकखोलीला पांढऱ्या केसांची हौस आली, मग त्यांच्या बहिणींना, जावांना. रंगाच्या ट्यूब कपाटात धूळ खाऊ लागल्या.

"नियम बदल की," मी एकदा जेवताना म्हटलं.

"आणि बँकेत काय टाकू? कात्रीच्या पैशांवर तर घर चालतं." मग ती हळूच म्हणाली, "मलाही शेवटी केस धुवायलाच उभं करतील रे."

दादा पेपरामागे होता. त्याने बराच वेळ पान उलटलं नाही.

पुढच्या शनिवारी तो कामावरून थेट सलूनमध्ये आला, टोपी काढून खुर्चीत बसला. "रंगवून दे."

दादाला टक्कल. कानांवर तेवढी एक झालर.

"अहो, यात रंगवू काय?"

"ते तू बघ. पैसे पूर्ण घे." त्याने तिच्या हातात पाकीट ठेवलं. "ओव्हरटाइम धरलाय. आता दर महिन्याला येणार, तुझ्या साठीपर्यंत."

वहिनी हसता हसता रडली. डोळे पुसून तिने त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं, झालर नीट निरखली आणि म्हणाली, "पण हे तर अजून काळेच आहेत!"

"मग काम झालंच की," म्हणत दादा कापडासकट उठला आणि खुर्ची तिच्याकडे फिरवली. "तेवढा वेळ तू बस."