एका विद्यार्थिनीचं विद्यापीठ

शेवटचं दीड वर्ष आमच्या विद्यापीठात एकच विद्यार्थिनी होती. पन्नाशी ओलांडलेली, इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी इस्त्री करणारी बाई. सकाळची पाळी संपवून मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी यायची, दुसऱ्या रांगेत खिडकीशी बसायची आणि तास संपला की वही पिशवीत घालून जायची. मी तिथली ग्रंथपाल. ग्रंथपाल बाई स्वभावाने शांत असते असा लोकांचा समज असतो. मी शांत नाही, नोकरी म्हणून गप्प बसत आले एवढंच.

विद्यापीठ बंद करायचं ठरून बराच काळ लोटला होता, पण बंद होत नव्हतं, आणि त्याचं कारण ही बाई. आता थोडं कायद्याचं सांगावं लागेल, त्याला इलाज नाही. एका फरशीच्या कारखानदाराने म्हातारपणी आपली निम्मी मालमत्ता एका प्रतिष्ठानाच्या नावे केली आणि त्या प्रतिष्ठानाने हे विद्यापीठ काढलं. खाजगी, पण नफ्यासाठी नाही. अशा ठिकाणी एकदा दिलेलं दिलं. देणाऱ्यालाही परत मागता येत नाही, त्याच्या मुलांनाही नाही. बंद केलं तरी इमारत, बाकं, पुस्तकं सगळं अशाच दुसऱ्या संस्थेला जातं. आणि बंद करायचं तर आधी दाखल झालेल्या प्रत्येकाला पदवीपर्यंत पोहोचवावं लागतं, नाहीतर त्याच्या राजीखुशीने दुसरीकडे पाठवावं लागतं. नवे प्रवेश थांबवले. उरलेले एकेक करून पास झाले, कुणी दुसरीकडे गेले. ही राहिली. एका विषयात राहिली, सांख्यिकीत.

एक विद्यार्थी असो की हजार, नियम तेच. कुलगुरू हवेत, म्हणून सांख्यिकीचे सर प्रभारी कुलगुरू झाले. ग्रंथालय ठरलेले तास उघडं हवं, म्हणून मी. दारावर माणूस हवा, म्हणून वॉचमन. आम्ही तिघं तिच्या एकटीसाठी महिन्याच्या महिन्याला पगार घेत होतो. एकदा आग लागली तर बाहेर कसं पडायचं याची कवायत झाली. वॉचमनने घंटा वाजवली, ती वही घेऊन जिना उतरली, अंगणात उभी राहिली, सरांनी तिची मोजणी केली आणि ती परत वर गेली. हसायला कुणालाच आलं नाही.

त्याहून मजा निवडणुकीची. प्रतिष्ठानाच्या कार्यकारी मंडळावर विद्यार्थ्यांनी निवडून दिलेला एक प्रतिनिधी असलाच पाहिजे, असा नियम. मी फलकावर सूचना लावली. तिने ती वाचली आणि मला येऊन विचारलं, "मत मी मलाच द्यायचं का?"

"द्यायलाच हवं असं नाही," मी म्हटलं. "पण मग कुणीच निवडून येणार नाही."

तिने स्वतःला मत दिलं. चिठ्ठीची छान चौकोनी घडी घालून पेटीत टाकली. चादरींची सवय. त्यानंतर मंडळाच्या बैठकीला ती यायची, टेबलाच्या टोकाला बसायची, तोंडातून ब्र काढायची नाही. कर्मचाऱ्यांची प्रतिनिधी म्हणून मीही तिथे असायची.

ती इथे आली कशी, हे मला वॉचमनकडून कळलं. तिचा नवरा नळकाम करायचा. आमच्या इमारतीतले सगळे पाइप त्याने बसवलेले. पुढे दुरुस्तीला यायचा तेव्हा काम करता करता वर्गात काय चाललंय ते ऐकायचा, आणि एक दिवस बायकोचं नाव समाजशास्त्राला घालून मोकळा झाला. पूर्ण अभ्यासक्रमाची फी आधीच भरून टाकली. म्हणाला होता म्हणे, घरात दिवसभर मलाच प्रश्न विचारतेस, आता तिथे जाऊन विचार. पहिल्याच वर्षी तो गेला. सकाळी उठला नाही, एवढंच. त्याच आठवड्यात ती वर्गात येऊन बसली. सरांनी तिला घरी जायला सांगितलं, तर म्हणाली, "घरी नुसत्या भिंती आहेत सर, इथे फळा तरी आहे."

रडताना तिला कुणी पाहिलं नाही. हसतानाही नाही. चेहरा कायम तसाच, धुवून वाळत टाकल्यासारखा. मला आधी ती घमेंडखोर वाटायची. पुढे कळलं की तिला काही वाटतच नव्हतं, आणि हे समजायला मला जड गेलं नाही, कारण त्या रिकाम्या इमारतीत मलाही फारसं काही वाटेनासं झालं होतं. मी रोज तेच कपाट पुसायची. परत द्यायला कुणी पुस्तकंच नेलेली नसायची.

सांख्यिकीत ती पहिल्यांदा नापास झाली तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. दुसऱ्या परीक्षेला पर्यवेक्षक म्हणून मी होते. एवढ्या मोठ्या खोलीत आम्ही दोघीच, मी टेबलाशी, ती दुसऱ्या रांगेत. अर्धी वेळ होईस्तोवर ती भराभर लिहीत होती. मग तिने पेनाला टोपण लावलं, हात मांडीवर घेतले आणि फळ्याकडे बघत बसली. वेळ संपेपर्यंत. मी उत्तरपत्रिका घेतली तेव्हा अर्धी पानं कोरी होती. आणि सर तर सांगत होते की सरावात ती एकही गणित चुकत नाही.

मी हे सरांना सांगितलं, सर वॉचमनला बोलले. आम्हा तिघांचं एकमत व्हायला वेळ लागला नाही. बाई आपल्यासाठी नापास होतेय. तिची पदवी म्हणजे आपली नोकरी गेली, हे तिला कळतंय. सर चोपन्न वर्षांचे, त्यांना आता कोण घेणार होतं? मलाही कुणी हार घेऊन उभं नव्हतं. थंडीचे दिवस होते, वॉचमन तिच्यासाठी उन्हात खुर्ची मांडून ठेवायला लागला. सर तिच्याशी बोलताना उभे राहायचे. मला मात्र तिचा राग आला. कुणी न मागता उपकार केले की माझं डोकं फिरतं.

बाहेरच्या बाहेर पेपर तपासले जात, त्यामुळे आमच्या हातात काही नव्हतं. तिसरी संधी शेवटची. त्यात नापास झाली तर नाव कमी, पदवी नाही, आणि विद्यापीठ तरीही बंद. म्हणजे आमचं काय ते ठरलेलंच होतं. तिचं ठरायचं होतं.

तिसऱ्या परीक्षेआधी मंडळाची बैठक झाली. अध्यक्ष म्हणजे कारखानदाराचा मुलगा. माणूस वाईट नव्हता. त्याला यातून दमडी मिळणार नव्हती, फक्त वडिलांनी गळ्यात बांधलेलं लोढणं एकदाचं उतरवायचं होतं. इमारत परिचारिकांच्या महाविद्यालयाला जायची होती आणि ते लोक घाई करत होते.

"ताई," तो तिला म्हणाला, "नदीपलीकडच्या मोठ्या विद्यापीठाने तुम्हाला घ्यायचं कबूल केलंय. पेपर तोच, पदवीही तशीच. शिवाय तिथे संधी पहिल्यापासून मोजतील. फक्त तुमची संमती हवी."

सर टेबलाकडे बघत होते. मी तिच्याकडे बघत होते.

"मी नाही म्हटलं तर?"

मंडळावर एक निवृत्त न्यायाधीश होते, ते म्हणाले, "तर परीक्षा होईपर्यंत प्रतिष्ठानाला थांबावं लागेल. जबरदस्ती करता येत नाही."

"मग थांबा," ती म्हणाली.

"अहो, तुमच्या एकटीसाठी पूर्ण इमारत..." अध्यक्षांचं वाक्य तिथेच राहिलं.

"कायदा काही मी केलेला नाही," ती म्हणाली. आवाज चढवून नाही, चादर कुठे ठेवलीय ते सांगावं तसं. पुढे चहा आला आणि विषय संपला.

बैठकीनंतर ती ग्रंथालयात आली. मी दार लोटून घेतलं आणि सरळ विचारलं. मला आडवळणाने बोलता येत नाही.

"पेपर अर्धा का सोडलात? उत्तरं येत होती तुम्हाला."

"येत होती."

"आमच्यासाठी सोडलात?"

तिला प्रश्नच कळला नाही. मला तो फोडून सांगावा लागला, पगार, सर, वॉचमन, खुर्ची. तिने सगळं ऐकून घेतलं.

"नाही हो," ती म्हणाली. "तुमचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला वाटायचं खुर्ची उन्हात मांडतात ते माझे पाय दुखतात म्हणून."

एवढे दिवस आम्ही तिघं जे डोक्यावर घेऊन फिरत होतो, ते असं खाली पडलं. मला लाज वाटली आणि थोडं हलकंही वाटलं.

"मग का?"

ती खुर्चीच्या कडेवर टेकली. "नापास झालं की कुणाला सांगावं लागत नाही मॅडम. पास झालं की घरी जाऊन सांगावं लागतं."

मी समोरचं रजिस्टर मिटलं.

"रोज घरी गेले की हे विचारायचे, आज काय शिकवलं? दारातच. चपला काढायच्या आधी. अर्धं लिहून झालं की मला दिसतं, की हा पेपर पुरा केला तर मी पास होणार. मग घरी जाणार. कुलूप उघडणार." तिने पिशवीचा बंद सरळ केला. "पुढे हात चालत नाही."

"मग नदीपलीकडे का नाही गेलात? संधी तरी मिळाल्या असत्या."

"तिथला वर्ग ह्यांनी पाहिलेला नाही."

माझ्या जागी दुसरी कुणी असती तर तिच्या खांद्यावर हात ठेवला असता. मला ते जमत नाही. मी म्हटलं, "तिसऱ्यांदा सोडलात तर इथलंही गेलं आणि तिथलंही. फी भरून बसलेला माणूस फुकट गेला म्हणायचं मग."

हे बोलायला नको होतं असं माझं मलाच वाटलं. ती मात्र चिडली नाही.

"तुम्ही तोडून बोलता," ती म्हणाली. "बरं असतं ते. बाकीचे सगळे माझ्याशी आजाऱ्याशी बोलल्यासारखं बोलतात." आणि पिशवी घेऊन निघून गेली. पेपर लिहिणार की नाही, ते बोललीच नाही.

परीक्षेच्या दिवशी पुन्हा आम्ही दोघी. अर्धी वेळ झाली तशी तिने पेनाला टोपण लावून ते खाली ठेवलं. हात मांडीवर घेतले. मी खिडकीबाहेर बघायला लागले, कारण तिच्याकडे बघवत नव्हतं. बाहेर वॉचमन फाटकाला तेल घालत होता. सर कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालत होते, त्यांच्या बुटांचा आवाज येत होता. तिने लिहावं असं मला वाटत होतं आणि लिहू नये असंही वाटत होतं, आणि यातलं कुठलंच फार जोराने वाटत नव्हतं.

मग ती म्हणाली, "मॅडम, पुरवणी."

मी उठून पुरवणी दिली. तिने पेनाचं टोपण काढून मागच्या टोकाला लावलं आणि लिहायला लागली. वेळ संपल्यावर मी पानांना दोरा बांधला. एकही पान कोरं नव्हतं. बाहेर सरांनी मला नजरेनेच विचारलं, मी होकारार्थी मान हलवली. ते म्हणाले, "छान," आणि कुलगुरूंच्या खोलीत जाऊन आपल्या खणातल्या वस्तू काढायला लागले.

निकाल आला. मंडळाची शेवटची बैठक बोलावली. विषय दोनच होते. पहिला, पदवी प्रदान करणे. अध्यक्षांनी उभं राहून तिला पदवी दिली, आम्ही टाळ्या वाजवल्या. पाच-सहा माणसांच्या टाळ्यांचा आवाज मोठ्या खोलीत फार वाईट येतो. दुसरा विषय, विद्यापीठ बंद करणे. पण पदवी हातात पडली त्या क्षणी ती विद्यार्थिनी राहिली नव्हती, म्हणून प्रतिनिधीही राहिली नव्हती. न्यायाधीशांनी संकोचत तिला बाहेर थांबायला सांगितलं. तिने खुर्ची आत सरकवली आणि दार ओढून घेऊन गेली.

ठराव वाचला गेला. सरांनी हात वर केला. मीही केला. आपण हात वर करतोय तेव्हा काहीतरी वाटेल असं मी धरून चालले होते. काही वाटलं नाही. सही केली आणि पेन कुणाचं होतं ते विचारून परत दिलं.

बाहेर आले तर ती बाकावर बसलेली. पदवीची गुंडाळी मांडीवर. घरी जायला केव्हाच मोकळी होती, पण उठली नव्हती. सर नमस्कार करून पुढे गेले. मी तिच्या शेजारी बसले. बसायची माझी सवय नाही, पण मलाही घाई करून कुठे जायचं होतं?

वॉचमन एकेक खिडकी लावत आमच्यापुढून गेला. मग समोर बघतच ती म्हणाली, "मी पास झाले."

निकाल मीच फलकावर लावला होता. पदवीवरचं तिचं नाव बरोबर आहे ना, ते मीच तपासलं होतं.

"हो का?" मी म्हटलं. "कधी कळलं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी काही चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

"आत्ताच," ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच नीट लागला नाही. "आत्ताच कळलं."

"आणि पेपर? पेपर कसा होता?"

"पहिले दोन प्रश्न सोपे होते," ती म्हणाली, आणि डोळे पुसत पुसत मला तिसरा सांगायला लागली.