बेसिनशेजारची खाट

ऐली कंगास स्वतःच्याच तोंडावर भाळलेली बाई आहे, असं मी पहिल्या आठवड्यातच साऱ्या वॉर्डाला सांगून टाकलं होतं. आता हसू येतं, पण तेव्हा माझी अगदी खात्री होती. चार नंबरच्या खोलीत बेसिन, बेसिनवर आरसा, आणि ही आमची नवी सफाईवाली रोज त्या आरशापुढे फडकं धरून पाच-पाच मिनिटं उभी. साठीची बाई, नाक बटाट्यासारखं. म्हटलं, बघते काय एवढं? माझं नाक चांगलं आहे, तरी मी दोन मिनिटांवर बघत नाही.

ती आरशात बघतच नव्हती. खाली बेसिनच्या भोकात बघत होती. हे कळायला मला अख्खा हिवाळा लागला, आणि त्या हिवाळ्यात तीन माणसं गेली.

मी कॅनडातल्या थंडर बे गावच्या त्या हॉस्पिटलात वॉर्डाची क्लार्क. कुठला पेशंट कुठल्या खाटेवर, ते मी लिहायची. म्हणजे माझ्या मते हॉस्पिटल मीच चालवायची. चार नंबरमधली खिडकीजवळची खाट हे तर माझं खास कुरण. तिथून गोठलेलं सरोवर दिसायचं. ओळखीचं माणूस आलं की ती खाट मी त्याला द्यायची आणि वर ऐकवायची, “रोझाल्बानं दिलीय हं, लक्षात असू द्या.”

कोवाल्चुकबाईंना मीच दिली. पित्ताशय काढायला आलेल्या. चार दिवसांत घरी जायच्या होत्या, पाचव्या दिवशी ताप चढला. जंतू आमच्याच हॉस्पिटलात लागलेला, आणि कुठल्याच औषधाला दाद देईना. एक अँटिबायोटिक झालं, दुसरं झालं, शेवटचं म्हणून राखून ठेवलेलंही झालं. लेक पिवळा झगा आणि हातमोजे घालून शेजारी बसायची. आईचा हात उघड्या हातानं धरायला तिला शेवटपर्यंत मिळालं नाही. त्याआधी दोघं असेच गेले होते. नर्सांचे हात धुऊन धुऊन सोलवटले.

धुवायच्या कुठे? त्याच बेसिनमध्ये.

मग माझ्या थोरल्या बहिणीचं, असुंताचं, खुब्याचं ऑपरेशन ठरलं. मी मोठ्या थाटात तिचं नाव खिडकीजवळच्या खाटेवर लिहिलं. तेवढ्यात ऐली माझ्या टेबलापाशी आली. सहा महिन्यांत ती माझ्याशी सहा वाक्यं बोलली नव्हती.

“बहिणीला तिथे ठेवू नकोस.”

“का गं? आरशापुढे तुला अडचण होईल?”

“तिघंही त्याच खाटेवरचे. बेसिनला लागून. रोज सकाळी त्या खाटेच्या कठड्यावरचे शिंतोडे पुसते मी. कुठून येतात, ते बघत होते.”

“अगं, बेसिन काय माणूस खातं?”

“तू तीन वाजता उरलेली कॉफी कुठे ओततेस?”

आता खोटं कसं बोलणार? त्याच बेसिनमध्ये. अकरा वर्षं. जवळ पडतं ना.

“नर्सा उरलेलं सलाइन ओततात,” ऐली म्हणाली. “नळीनं द्यायचं दूध ओततात. पेशंट सूप ओततात. त्या भोकात जंतूंसाठी अन्नछत्र उघडलंय तुम्ही. धार थेट भोकात पडते आणि सगळं वर उडतं.”

“माझी मेली घोटभर कॉफी. त्यात साखरही दोनच पुड्या.”

“चार.”

“दोन. डॉक्टरांनी दोनच सांगितल्यात.”

“चार,” म्हणाली आणि बादली घेऊन चालती झाली. फिनलंडची माणसं अशीच. आम्हा इटालियनांना भांडायला निदान अर्धा तास तरी लागतो.

हेच तिनं तिच्या साहेबाच्या कानावर घातलं, तर तो म्हणाला, “ऐलीबाई, तुम्ही फरशी बघा.” तिनं फरशी बघितली. दुसऱ्या दिवशी घरून थर्मास घेऊन आली. खोली रिकामी होती, असुंता दुपारी यायची होती. ऐलीनं खाटेवर पांढरीशुभ्र चादर ताणली, उशीला कोरा अभ्रा घातला आणि डेनीजला बोलावून आणलं. डेनीज म्हणजे संसर्गाचं काम बघणारी नर्स. मी काय, न बोलावता हजर.

थर्मासात ब्लूबेरीचं सूप होतं, त्यांच्या घरी करतात तसं, दाट, जांभळं. ऐलीनं ते भोकात ओतलं आणि नळ पूर्ण सोडला.

चादरीवर जांभळे ठिपके उमटले. कठड्यावर उमटले. चार उशीवरही उमटले, कोवाल्चुकबाईंचं डोकं असायचं तिथे. डेनीजनं सगळ्यात लांबच्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि तिथून भोकापर्यंतचं अंतर वितीनं मोजलं. मी गप्प होते. वॉर्डात अजून सांगतात की तसं एकदाच घडलं.

मी आधी असुंताचं नाव खोडलं. पुढच्या आठवड्यात तपासणीचा अहवाल आला, नळाखालच्या पाइपात तोच जंतू. बेसिन उखडलं, भिंत लिंपली. असुंता दारापाशीच्या खाटेवर झोपली आणि सहाव्या दिवशी काठी टेकत घरी गेली. अजून माझ्या नावानं बोटं मोडते, “सख्ख्या बहिणीला कपाटाकडे तोंड करून टाकलं.”

अहवाल आला त्या दुपारी मी टेबलाशी बसून रडले. ऐली शेजारी पुसत होती.

“मी मारलं का गं त्यांना?”

“एवढा मोठेपणा घेऊ नकोस. सगळ्यांनीच ओतलंय. नवी होते तेव्हा मीही बादलीतलं पाणी ओतलंय तिथे.”

“पण खाट मी दिली.”

ती थांबली. “दिलीस,” म्हणाली. मग आपलं फडकं पिळलं. “बहिणीची बदललीस ना?”

मला जरा धीर आला. आणि धीर आला की माझं तोंड सुरू होतं. नाक पुसत म्हटलं, “तरी पण, दोन पुड्या साखरेनं त्या जंतूंचं काय पोट भरणार होतं?”

ऐली खाली वाकली. माझ्या टेबलाखालची कचऱ्याची टोपली वर घेतली आणि त्यातून साखरेच्या फाटक्या पुड्या काढून माझ्यापुढे मांडल्या. एक, दोन, तीन, चार.

“त्यातल्या दोन कालच्या असतील,” मी म्हटलं.

“टोपली मी रोज सकाळी रिकामी करते,” ऐली म्हणाली.