पाचावरचा पंखा

कोथरूडच्या त्या जपानी भाषेच्या क्लासात डिसेंबरातही पंखा पाचावर गरगरत असे. मुलं स्वेटर घालून कुडकुडत, पण विचारायची कुणाची छाती होत नसे. "हवा खेळती हवी," एवढंच प्रियदर्शनी साठेबाई म्हणत. खरं कारण त्यांना एकटीलाच ठाऊक होतं. तीन वर्षांपासून त्यांना कमी ऐकू येत चाललं होतं, आणि एखादा शब्द निसटला की पंख्याकडे बोट दाखवता येई.

आयटी कंपन्यांनी टोकियोची कामं घेतल्यापासून क्लास तुडुंब भरला होता. बाई ऐकण्याचा तास घेत. पहिल्या दिवशीचं वाक्य ठरलेलं: "मो इचिदो ओनेगाइशिमासु", म्हणजे पुन्हा एकदा सांगा. अमरावतीचा अभिनव ते गाण्यासारखं ताणायचा, धायरीचा मच्छिंद्र बांधावरून हाक मारल्यासारखं म्हणायचा. न कळल्याची लाज धरायची नाही, असं बाई बजावत. स्वतः मात्र त्यांनी ते वाक्य शिकवण्यापलीकडे कधी वापरलं नव्हतं. तासाला लावायची जुनी कॅसेट त्यांना तोंडपाठ होती, त्यातला म्हातारा कुठे खोकतो तेसुद्धा. बाकीचं माणसांचे ओठ वाचून भागे.

एका मंगळवारी क्लासचे मालक श्रीधर सर म्हणाले, "बाई, उद्या कॅसेट नको. कंपनीचे जपानी साहेब नवी सीडी घेऊन येतायत. पुढं शिकवायचं कुणी, ते तेच ठरवणार."

बाईंचा रात्रभर डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब मागच्या बाकावर बसले. सीडी सुरू झाली. बाईंना नुसती घरघर ऐकू आली, उशीखाली कुणी बोलावं तशी. मुलं उत्तरं देत होती, बाई मान डोलावत होत्या. फळ्यावर लिहून वळल्या तर सगळे त्यांच्याकडेच बघत होते. साहेबांनी काहीतरी विचारलं होतं आणि त्यांचे ओठ आता मिटले होते.

पुढच्या बाकावरच्या मच्छिंद्रनं तोंड उघडलं. तीन महिने तो वर्गातला प्रत्येक प्रश्न बाईंकडे बघून मोठ्यानं परत म्हणायचा. तो तसं का करायचा, ते बाईंना आत्ता कळलं: त्यांना ओठ वाचता यावेत म्हणून.

त्यांनी हातानं त्याला थांबवलं. मग पहिल्या दिवशीचं ते वाक्य बाई स्वतः साहेबांना म्हणाल्या.

साहेब उठून पुढे आले, छताकडे बोट दाखवून सावकाश म्हणाले, पंखा बंद करता येईल का, मला सीडी ऐकूच येत नाही.

वर्ग हसला. पंखा थांबला. बाईंचा चेहरा उतरला, आता बोट दाखवायला काहीच उरलं नव्हतं. सीडी पुन्हा लागली. तीच घरघर. साहेब त्यांच्याकडे बघत होते.

"मच्छिंद्र, खुर्ची घेऊन माझ्यासमोर या," बाई म्हणाल्या. "सीडीत काय म्हणतात ते मला सांगत जा. मला ऐकू येत नाही." मग साहेबांकडे वळून तेच जपानीत बोलल्या.

"ठाव हाय मला, मॅडम," मच्छिंद्र म्हणाला आणि उठला.

साहेबांनी वही उघडून काहीतरी लिहिलं. इथून ते वाचता येत नव्हतं. फरशीवरून खुर्ची सरकल्याची थरथर बाईंच्या तळपायांना जाणवली, आणि त्यांनी मच्छिंद्रच्या ओठांवर नजर लावली.