गच्चीवरचं खडूचं घर

आमच्या कॉलेजात सगळ्यांत अवघड काय होतं, तर हसू आवरणं. कोर्स दोन वर्षांचा होता, नळ-वायरिंगपासून घराच्या सजावटीपर्यंत सगळं शिकवणारा. नेरूळच्या एका इमारतीत खाली झेरॉक्सवाला आणि वरच्या मजल्यावर आम्ही. माझे बाबा मात्र विचारेल त्याला सांगायचे, "आमची मुलगी सोफा-पडद्यांचं शिकते." मी सांडपाण्याचा उतार काढायला शिकत होते, आणि यांच्या तोंडून पडदे काही सुटत नव्हते. मग मी फणकारून आत निघून जायचे, म्हणजे कुठे, तर दोन पावलांवरच्या स्वयंपाकघरात.

आमच्या सरांची एक पद्धत होती. कागदावरचा नकाशा ते आधी बघतच नसत. इमारतीच्या गच्चीवर खडूने खऱ्या मापाचं घर काढायचं आणि तासभर त्यात राहायचं. कोणी खडूच्या गॅसवर पोळ्या लाटायचं, कोणी खडूच्या कॉटवर घोरायचं. नियम एकच, भिंत म्हणजे भिंत. जो भिंतीतून आरपार जाईल, त्याने सगळ्यांना वडापाव खिलवायचा. एका पोराने बाथरूमचं दार असं काढलं की आत गेल्यावर ते उघडेचना. सरांनी त्याला बाहेर येऊ दिलं नाही. आम्ही त्याचा वडापाव खिडकीतून आत दिला, आणि तोही शहाणा, गज आहेत म्हणून हात तिरका करून घेतला. हसून हसून पोटात दुखायचं. माझी तळवलीची मैत्रीण गावातल्या ऐसपैस घरात वाढलेली. ती प्रत्येक खडूच्या घरात शिरताना म्हणायची, "एवढ्याशा घरान मानसं वलतात तरी कशी गो?" वळायलाही जागा नाही, असं तिला वाटायचं.

आमचं कळंबोलीचं घर तसंच एवढंसं होतं, आणि त्या उन्हाळ्यात तिथे ओट्यावरून जुंपली होती. जुना ओटा खचला होता, नवा घालायचा होता. स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये उघडायची. समोर अख्ख्या इमारतीचे पाइप, उजेडाच्या नावाने शंख. पुढच्या खोलीला मात्र मोठी खिडकी, बाहेर मोकळं माळरान आणि लांबवर डोंगर. आणि त्या खिडकीपाशी काय होतं, तर बाबांचा टीव्ही. ओटा त्या खिडकीखाली आणावा, असं माझं म्हणणं. बाबा तळोज्याच्या कारखान्यात सुपरवायझर. घरीसुद्धा सुपरवायझरच.

"आल्यागेल्यासमोर फोडणी घालायची काय? लोक हसतील. आणि सांडपानी काय डक्टपर्यंत चढावर चढनारे? उगाच टेन्शन नको देऊ."

आईला विचारलं तर ती म्हणायची, "तुमचं तुम्ही ठरवा." या वाक्याचा मला बाबांपेक्षा जास्त राग यायचा. दिवसभर त्या अंधाऱ्या खोलीत उभी राहणार ती, आणि ठरवणार आम्ही. सोमवारी गवंडी येणार होता. एकदा ओट्यावर कडप्पा बसला की आईचा जन्म डक्टकडे तोंड करून जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

रविवारी मी दोघांना कॉलेजच्या गच्चीवर घेऊन गेले. सरांनी परवानगी दिली होती, वर्गाने सकाळीच आमचं घर आखून ठेवलं होतं. जुना ओटा आत, ठळक रेघेत. माझा ओटा पुढच्या खिडकीखाली, तुटक रेघेत. एप्रिलचं ऊन नुसतं रणरणत होतं. बाबा जिना चढून आले आणि चपलांसकट थेट स्वयंपाकघराच्या भिंतीतून हॉलमध्ये घुसले.

"काका, भित हाय ती," मैत्रीण म्हणाली. "दरवाजा तिकडं हाय. आता वडापाव द्या सगल्यांना."

सगळी गच्ची हसत सुटली. बाबांना हसावं की रागवावं कळेना. "पोरखेळ आहे नुसता," म्हणत ते तिथेच हॉलच्या मधोमध उभे राहिले. वर्गातले दोघे टीव्ही झाले होते आणि तोंडाने बातम्या देत होते. मी हसत होते, पण लक्ष घड्याळाकडे होतं. बाबा आता पाच मिनिटांत निघतील आणि उद्या गवंडी येईल.

तेवढ्यात सर आईला म्हणाले, "वहिनी, घर तुमचं आहे. चहा टाका आमच्यासाठी."

आई लाजली. पदर खोचला, दारातून नीट वळून आत गेली, जुन्या ओट्यापाशी उभी राहिली. आणि काडी ओढण्याआधी तिने डावा हात उचलून भिंतीवरचं बटण दाबलं.

भर दुपार, डोक्यावर उघडं आकाश, आणि ही बाई दिवा लावत होती.

पोरं खो खो हसली, मीही हसले. आई दचकली, हात मागे घेतला आणि तीही तोंडाला पदर लावून हसायला लागली. "सवय गं," म्हणाली. हसता हसता मी बाबांकडे बघितलं. ते हसत नव्हते. आईच्या हाताकडे बघत होते. मला एकदम भरून आलं, आणि हसूही थांबेना. असं दोन्ही एकत्र मला पुन्हा कधी झालं नाही.

मग बाबांनी तुटक रेघेकडे बोट दाखवलं. "त्या खिडकीपासून पाइप डक्टपर्यंत कसा नेनार?"

मी खडू घेऊन गुडघ्यांवर बसले. खिडकीतला ओटा जरा उंच घ्यायचा, पाइप भिंतीच्या कडेने उतरता न्यायचा, मधल्या भिंतीला भोक, मग डक्ट. बोलताना मी धापा टाकत होते. सर मुद्दाम दुसरीकडे बघत होते.

बाबा पाइपच्या रेघेवरून नजर फिरवून निघाले. घराबाहेर पडले, या वेळी दारातून. मला वाटलं, संपलं. पण ते वळले, उंबऱ्याच्या रेघेपाशी थांबले आणि त्यांनी चपला काढून बाजूला नीट ठेवल्या. गच्ची तव्यासारखी तापली होती. आमचे सुपरवायझर एकेक पाय झटकत, "हा हू" करत आत आले आणि तुटक रेघेपाशी जाऊन उभे राहिले. आता मात्र सर स्वतःच खाली बसून हसत होते.

"टीव्ही सरका रे तिकडे," बाबा त्या दोघांना म्हणाले. मग आईला म्हणाले, "ये, इथे टाक चहा. लवकर टाक, पाय भाजतायत."

आई दारातून वळून हॉलमध्ये आली. खिडकीखालच्या ओट्यापाशी उभी राहिली, काडी ओढली, भांडं चढवलं. डावा हात मात्र तिने या वेळी उचलला नाही.