कुजबुजीचा महिना

महाळुंग्याच्या जत्रेत, सकाळच्या हजेरीला आमच्या फडाच्या मुख्य गाणारीचा, यमुनाचा वरचा सूर निघालाच नाही. हजेरी म्हणजे तमाशाचा दुसऱ्या दिवशीचा, उजेडातला खेळ. तोंड उघडं, मानेच्या शिरा ताठ, आणि बाहेर नुसता वारा. मी पेटीवर तो सूर दाबून धरला आणि कशीबशी वेळ मारून नेली. पिंपरीला औषधाची कंपनी नुकती सुरू झाली होती. तिथली माणसं ड्यूटी बदलून तिला ऐकायला आली होती. ती उठून जायला लागली.

मी फडाच्या मालकांना, आबांना म्हणालो, पट्टी उतरवू. पट्टी म्हणजे गाणारीचा 'सा' पेटीच्या ज्या सुरावर धरतात तो. तो खाली घेतला की वरचे सूर आवाक्यात येतात. यमुनाचा 'सा' होता काळी चारवर, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या सुरावर, चांगलाच उंच.

"आपला फड काळी चारचा हाय, मास्तर," आबा म्हणाले. "खाली उतरलो तर गावं बोलवायची न्हाईत."

आठ दिवस ज्येष्ठमध झालं, मिरी-खडीसाखर झाली. आवाज आणखी बसला. शेवटी मीच तिला पुण्याला गळ्याच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी लांब दांड्याचा आरसा घशात धरून पाहिलं. आवाजाच्या पडद्यांवर सूज होती. महिनाभर आवाज काढायचा नाही, म्हणाले, सूर परत येतील. मी शहाण्यासारखी मान डोलावली.

पण चैत्रातल्या जत्रा तोंडावर आल्या होत्या. आबांनी सांगितलं, तोवर हौसाला तयार करा. हौसा म्हणजे फडातली दुसरी गाणारी. यमुनाच्या लावण्या कागदावर कुठल्या? सगळ्या डोक्यात. तिला लिहिता येत नव्हतं, नाहीतर पाटी दिली असती. मग तोड मीच काढली. तिनं माझ्या कानात कुजबुजायचं, मी हौसाला सांगायचं. रोज तीन-तीन तास. एकदा तिनं गळ्याला हात लावून दुखतंय अशी खूण केली. मी म्हणालो, "थोडं सोसा, यमुनाबाई. आवाज तर काढत नाही ना आपण!"

महिन्यानं पुन्हा आरसा. डॉक्टर बराच वेळ बघत राहिले.

"ह्या बोलल्या?"

"एक शब्द नाही," मी फुशारकीनं म्हणालो. "सगळं कुजबुजत."

त्यांनी आरसा खाली ठेवला. "अहो मास्तर, असं तासन् तास कुजबुजताना गळा जास्तच आवळतो. सूज होती, आता गाठ धरलीय."

यमुना माझ्याकडं बघत होती. तिनं मला दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

वरचे सूर परत आले नाहीत. पट्टी उतरवायला आबा अखेरपर्यंत तयार झाले नाहीत. चैत्रात चाकणजवळच्या जत्रेत हौसा पुढं उभी राहिली आणि यमुना मागं झील ओढायला, म्हणजे साथीचे सूर धरायला. मधल्याच एका लावणीत हौसा कडवं विसरली. यमुना सवयीनं माझ्या कानाशी वाकली. मी तिच्या तोंडावर हात ठेवला. तिनं तो बाजूला केला आणि कुजबुजत कडवं पुरं सांगितलं. मी ते हौसाला दिलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तेव्हापासून आवाज बसलेलं कुणी भेटलं की मी एकच सांगतो. गळ्याला विश्रांती द्यायची असेल तर आधी शेजारच्या शहाण्याचे कान बंद करा.